तळ पाहिल्याशिवाय

हे लिहायला बसलो खरा, पण लिहिलेला कागद फाडून पुन्हा नवा घेतला, असे कितीदा झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी लिहीत नव्हते. सहीची वेळ आली की बाबा अंगठा पुढे करीत आणि मग तो धोतराला पुसत. अशा घरातल्या माणसाने स्वतःविषयी पाने भरावीत आणि ती दुसऱ्यांनी वाचावीत अशी अपेक्षा धरावी, हा आगाऊपणा आहे, हे मला समजते. मी काही केलेलेही नाही. ज्यांना लिहिण्याचा अधिकार आहे त्यांनी मला क्षमा करावी.

लिहिण्याचे कारण एवढेच की, मी ज्या वसतिगृहात राहून शिकलो तिथे गेल्या महिन्यात गेलो होतो. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी मला विचारू लागला, "तुम्ही नोकरी सोडून ऑडिटची लाईन कशी काय निवडलीत?" मी म्हणालो, स्वतंत्र धंदा आहे, मान आहे, मन लावून काम केले तर पुढे नाव होते. तो ते वहीत उतरवून घेऊ लागला. तेव्हा मला फार अवघडल्यासारखे झाले. मी सांगितले त्यात खोटे काही नव्हते, पण माझे उत्तर ते नव्हते. खरे उत्तर तोंडाने सांगता येईल असे वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचे घर खाडीपलीकडे, भाट्याला. बाबा तांडेल होते. गलबत एका शेठचे, सुकाणू बाबांचे. पावसाळा संपला की रत्नागिरीहून जळाऊ लाकूड, वासे, उन्हाळ्यात आंब्याच्या करंड्या घेऊन मुंबईला जायचे आणि येताना मीठ, कापड, घासलेट, जे मिळेल ते भरून आणायचे. मोसमाच्या शेवटी शेठच्या ओटीवर हिशेब व्हायचा. शेठ वाचून दाखवू लागले की बाबा म्हणत, "वाचताव कशाला शेठ, तुमी लिवलाव म्हणजे बरोबरच आसल," आणि अंगठा उठवीत. शेठही माणूस वाईट नव्हते. मॅट्रिक झाल्यावर मला गलबतातून मुंबईला न्यायला त्यांनीच बाबांना परवानगी दिली. आगबोटीचे भाडे परवडण्यासारखे नव्हते. लाकडांच्या थप्पीवर बसून, आईने दिलेल्या तांदळाच्या भाकरी खात मी कॉलेजला गेलो. मागे सुकाणूवर बाबा आणि पुढे शिडाशी काका. हे काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, आमच्या शेजारच्याच घरातले, बाबांच्या हाताखालचे पहिले खलाशी. मला पोहायला त्यांनी शिकवले होते, म्हणजे खाडीत ढकलून दिले होते.

बी. कॉम. झाल्यावर मी एका पारशी ऑडिटरांच्या कचेरीत उमेदवारी केली. ती संपता संपता जी. डी. ए.ची, म्हणजे ऑडिटर होण्यासाठी लागणारी सरकारी परीक्षा पास झालो. साहेब म्हातारे, तोंडाने फटकळ. पहिल्याच वर्षी त्यांनी मला एका धान्याच्या वखारीत नेले होते. वखारवाल्याने पोती मोजून दाखवली, मी आकडा मांडला. साहेब म्हणाले, "अरे डिकरा, फुडची पोती तर समदेच दाखवते. मागे कोण जाएल, तुजा बाप?" मी कोट काढून थप्पीवर चढलो आणि मागच्या पोत्यांत हात घालून पाहिला. सगळी पोती बरोबर होती. खाली उतरलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत भुसा. साहेब हसले. "आता सही कर. शाई तर दुकानात मिळते, पन आदी डोळा पायजे."

गंमत अशी की, काही चोरी सापडली असती तर मला इतके बरे वाटले नसते. सगळे ठीक आहे, हे आपण स्वतः पाहून सांगितले, याचे मला जे समाधान झाले ते कॉलेजात कधी झाले नव्हते. त्या दिवसापासून हेच काम करावे असे मनात होते. पण मनात असून काय होते?

परीक्षेचा निकाल लागला आणि दोन रस्ते पुढे आले. साहेब म्हणाले, माझ्याकडेच मदतनीस म्हणून राहा, सध्या फार देता येणार नाही. पण अनुभव झाला की स्वतःच्या नावाने सही करण्याचा परवाना मिळेल. दुसरीकडे शेठने निरोप पाठवला की त्यांच्या मुंबईच्या पेढीवर हिशेबनिसाची जागा माझ्यासाठी ठेवली आहे. पगार साहेबांच्या दुपटीहून जास्त. दिवस मंदीचे होते. पदवीधर मुले कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसलेली मी रोज पाहत होतो.

शिमग्याला घरी गेलो. बाबांनी बातमी आधीच ऐकलेली होती. त्यांना वाटत होते, मी पेढे वाटायलाच आलो आहे.

"ऑडिटर म्हणजे काय रं?" आईने विचारले.

मी सांगितले, दुसऱ्यांनी लिहिलेले हिशेब तपासायचे.

"म्हणजे पोलिसात?"

"पोलिसात नाही ग आये. लोक स्वतःच बोलावतात."

"लोक बोलावतात, आमचे हिशेब खोटे आहेत काय ते बघ म्हणून?" आई बाबांकडे पाहून म्हणाली, "ह्याला मुंबयचं पाणी बाधलं."

बाबा हसले नाहीत. ते जाळ्याची सुतळी वळत होते. म्हणाले, "बाबू, दर्यावर सगळा इश्वासाचा कारभार. मी सुकाणू धरतो तवा शीड कोन कसा धरतोय ते वळून बघत नाय. बघाय लागलो तर गलबत चालल कसं? आणि तू जन्मभर बघतच ऱ्हानार, कोन काय करतोय ते?"

त्या वेळी तरी मला बाबांचेच म्हणणे खरे वाटले. शिवाय न बोललेली गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. शेठला नाही म्हणायचे, तर ज्याच्या मेहेरबानीने सुकाणू हातात आहे त्याला नाही म्हणायचे. बाबांना दुसरे काम येत नव्हते आणि दुसरे काही व्हायचेही नव्हते. देवळात त्यांना 'तांडेल' म्हणून पुढे बसवीत. त्या एका शब्दावर ते उभे होते.

शेवटी आईने तोड काढली. "देवाला इचारा."

आमच्याकडे घर बांधायचे, लग्न ठरवायचे, नवे गलबत पाण्यात लोटायचे, तर गावदेवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या पाषाणाला पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालून सवाल करतो आणि सगळे वाट पाहतात. उजवी पाकळी पडली तर देवीची अनुमती, डावी पडली तर नकार. मी शिकलेला होतो तरी मला तेव्हा ते हास्यास्पद वाटले नाही. उलट, कोणीतरी माझ्याऐवजी ठरवणार या विचाराने मला सुटल्यासारखे वाटले.

शिमगा उरकल्यावर एका सकाळी आम्ही देवळात गेलो. बाबा, काका, मी आणि चारदोन शेजारी. शेठनेही आपला माणूस नारळ घेऊन पाठवला होता. गुरवाने गाऱ्हाणे घातले, "बाय माझे, लेकराला शेठच्या पेढीवर जागा आलेली हाय. त्यानं तिथं जावं, असं तुझ्या मनात आसल तर उजवा दे." त्याचे बोलणे संपते न संपते तोच उजवी पाकळी टपकन खाली पडली. शेठच्या माणसाने लगेच नारळ पुढे केला. बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी कधी विसरणार नाही.

आणि मी म्हणालो, "आता उलट बाजूनेही विचारून बघा की."

मी हे का म्हणालो ते सांगणे कठीण आहे. कचेरीत सवय होती. एका बाजूने जुळले की दुसऱ्या बाजूनेही जुळवून पाहायचे, तोवर खूण करायची नाही. जीभ त्या सवयीने बोलून गेली. दिलेला कौल पुन्हा विचारणे म्हणजे देवीवर संशय घेणे, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळते.

"काय बोललास?" बाबा म्हणाले.

काकांनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. "आवो, ऑडिटर हाय तो. देवीचा बी हिशेब तपासतोय." एकदोघे हसले आणि बाबांकडे पाहून त्यांनी हसू आवरले.

गुरव म्हातारा होता. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "पोरानं इचारलंय तर इचारू. बाय काय रागवायची नाय, लेकराचं मन तिला कळतं." त्याने पाकळ्या पुन्हा भिजवून लावल्या. "बाय माझे, त्यानं लोकांचे हिशेब तपासायच्या धंद्यात जावं, असं तुझ्या मनात आसल तर उजवा दे."

या वेळी वेळ लागला. मग पुन्हा उजवीच पाकळी पडली.

सगळे गुरवाकडे पाहू लागले. गुरवच म्हणाला, "हिकडं बी व्हय, तिकडं बी व्हय. बायला काय, तिला पगार थोडाच घ्यायचा हाय!"

परतताना खाडीच्या कडेने बाबा पुढे आणि मी मागे चालत होतो. अंगणात शिरताना म्हणाले, "देवीनं तुजा सवाल तुलाच परत दिला. आता मला इचारू नको. तुला काय करायचं ते कर, मी काय आडवा येत नाय."

मी मुंबईला परतलो आणि साहेबांकडे कामाला लागलो. शेठला मी आदराने कळवले. त्यांचे उत्तर आले नाही. पुढच्या फेरीला गलबत मुंबईच्या बंदरात लागले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे बाबांना भेटायला गेलो, तर सुकाणूजवळ काका बसले होते.

मला पाहून ते उठलेच नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "ये बाबू. बस."

शेठने बाबांना बोलावून सांगितले होते, तांडेल, वय झालं तुमचं, आता विसावा घ्या. बाबांचे वय झालेले नव्हते. शेठने असेही म्हटले म्हणे, "ज्याचं पोर आमच्या मिठाला जागत नाही, त्याच्या हाती आमचं सुकाणू कसं ठेवायचं?" काकांनी आधी नाही म्हटले. पण ते नाही म्हणाले तर दुसऱ्या गावचा तांडेल येणार होता, आणि मग सुकाणू बाबांना कधीच परत मिळाले नसते. म्हणून काका बसले.

"बाबा काय करतात?" मी विचारले.

"सकाळी उठून बंदरावर येतो. गलबत भरताना बघतो. कोनी बस म्हटलं तरी बसत नाय. गलबत सुटलं की घरी जातो." काकांनी सुकाणूवर हात ठेवला. "ह्ये माजं नव्हं रं. मी नुसता धरून बसलोय. आंगाला टोचतंय. तू शेठला व्हय म्हण, मी आत्ता उठतो."

खाली दोन खलाशी बालद्यांनी पाणी उपसत होते. मी तिकडे पाहतो आहे असे पाहून काका म्हणाले, "हल्ली जरा जास्त उपसाय लागतं. फळ्या जुन्या झाल्या. पावसात वर वडल्यावर बघू तळाला."

"आत्ताच का बघत नाही?"

"आंब्याचा टाईम हाय. गलबत वर काढलं तर करंड्या कुजतील ना! शेठ म्हणतो मोसम काढू दे." आणि मग हसून, "तपासनीस! जिथं जाशील तिथं वास घेतोस."

मी खोलीवर आलो, पण कशात मन लागेना. थप्पीवर चढून पोती पाहण्याचे माझे समाधान, आणि बंदरावर उभे राहणारे बाबा. कुठल्याही बाजूने मांडले तरी बाबांचीच बाजू जड होत होती. ज्या धंद्यात माझ्या सहीला किंमत येणार, त्यासाठी माझ्या बापाची किंमत गेली होती. गलबत परत निघायच्या आत मी शेठच्या पेढीवर गेलो आणि दिवाणजींना सांगितले, जागा अजून असेल तर मी येतो, पण बाबांना सुकाणू परत मिळाले पाहिजे.

दिवाणजी पान चघळत म्हणाले, "आलास ताळ्यावर? शेठना कळवतो. एक तारखेपासून ये." 

काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मला बंदरावर सगळ्यांसमोर उचलले. मी काही लहान नव्हतो, पण उचलले. "मीच जाऊन सांगतो तुज्या बापसाला! बघ कसा नाचवतो त्याला!" गलबत सुटले. शीड भरले. काका लांबपर्यंत हात हलवीत होते.

साहेबांना सांगणे अवघड गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बापासाठी जाते तर मी कोन अडवनार? पन तिथं बी बगितल्याशिवाय सही करू नको, समजला ने?"

मे महिना सरत आला. गावाहून आलेल्या एकाने सांगितले की शेठने बाबांना बोलावून घेतले, शेवटची फेरी तांडेलच नेणार. मला हायसे वाटले. पेढीवर रुजू व्हायला आठवडा राहिला असेल. तेवढ्यात समुद्र बिघडला. पाऊस अजून लागला नव्हता, पण दोन दिवस दक्षिणेकडून वारा सुटला आणि बंदरातल्या नावा एकमेकींवर आपटू लागल्या. आमच्या किनाऱ्याची गलबते एकेक करून आली. कोणाचे शीड फाटलेले, कोणी माल टाकून दिलेला. आमचे आले नाही.

मी रोज कचेरी सुटली की बंदरावर जाई. येणाऱ्या प्रत्येकाला विचारी. कोणी म्हणे हर्णैला आसऱ्याला थांबले असेल, कोणी म्हणे दाभोळच्या खाडीत शिरले असेल. दिवाणजींकडे गेलो तर ते नेहमीसारखे चघळत नव्हते. म्हणाले, "आम्हालाही काही कळलेलं नाही. पण काळजी कशाला करतोस? सुकाणूवर तुझाच बाप आहे ना!"

ते त्यांनी धीर द्यायलाच म्हटले असेल. मला मात्र तिथे उभे राहवेना. सुकाणूवर माझाच बाप होता आणि तो माझ्या शब्दावर बसला होता. खालून पाणी उपसणारे दोन खलाशी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. इतकी वर्षे जे शिकलो, ते हेच तर होते की फळीखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय वरच्या गोष्टीला होकार द्यायचा नाही. आणि मी माझ्या बापाला त्याच फळीवर बसवून आलो होतो. त्या दिवसांत मी जेवलो काय, कचेरीत काय लिहिले, काही आठवत नाही. साहेबांनी एकदा माझ्या हातून टाक काढून घेतला, एवढे आठवते.

एका दुपारी आमच्या गलबतावरचा एक खलाशी कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. कुठून कुठून पायी आणि मोटारीने आला होता. पायांत काही नव्हते. साहेबांनी त्याला आत बोलावून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितले, पण तो जमिनीवर बसला. मी समोर बसलो.

"तुजा बापूस गलबतात नव्हता," तो म्हणाला.

मला वाटते मी हसलो. नक्की काय झाले ते सांगता येत नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवल्याचे जाणवले.

तो सांगू लागला. शेठने बोलावल्यावर बाबा नवे धोतर नेसून बंदरावर आले. सुकाणूला हात लावून नमस्कार केला. मग खाली उतरून पाणी किती येते ते पाहिले आणि वर येऊन शेठना म्हणाले, "भरती-ओहोटीपुरतं वर वडून घ्या. मला तळ बघू द्या, मग भरू." करंड्या येऊन पडलेल्या होत्या. शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "जन्मात कधी तळ बघितला नाहीस तांडेल, आजच कसा बघावासा वाटला? पोराचं खूळ बापाला लागलं काय?"

"मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणाला, व्हय शेठ, पोराचंच हाय. त्यानं देवीला दोनदा इचारलं, मी गलबताला एकदा तरी इचारतो. तळ बघितल्याबिगर मी सुकाणू धरनार नाय. शेठ म्हणाले, मग उतर. तुजा बापूस उतरला."

एवढे बोलून त्याने पाणी मागितले. मी उठून तांब्या आणला. तो प्याला. तेवढा वेळ, तो पाणी पीत होता तेवढाच वेळ, मी सुखात होतो. बाबा घरी होते. ते स्वतः उतरले होते. आणि कोणाच्या शब्दावर उतरले, तेही मला कळले होते.

मग माझ्या ध्यानात आले की गलबत तर सुटले होते.

"सुकाणूवर कोण होतं?" मी विचारले.

त्याने तांब्या खाली ठेवला आणि तो हाताने जमिनीवर फिरवीत राहिला. "तुज्या बापसानं लय आडवला त्याला. तो बोलला, एक फेरी मी काढतो, मोसम सरला की तळ बगू आन् पुढच्या साली तुजं सुकाणू तुला देतो. आत्ता शेठला तोडलं तर ते परक्याच्या हातात जाईल." त्याने वर पाहिले. "दाभोळच्या म्होरं फळी सुटली. आमा सगळ्यांना मच्छीवाल्यांनी काढलं, बाबू. तुज्या काकाला नाय."